पीक हिरवंगार, पण दाणा कसा? शेगावच्या गव्हाने शिकवलेला धडा

चिखलीहून अमडापूर, खामगाव करत शेगाव गाठायला फार वेळ लागत नाही. त्याच शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत डिसेंबर २०२४ च्या अखेरीस लोकांचे केस मुठीने हातात येऊ लागले. तीन-चार दिवसांत टक्कल! रुग्णांचा आकडा पावणेतीनशेच्या पुढे गेला. कुणी शाम्पूला दोष दिला, कुणी पाण्याला.

पुढे पद्मश्री डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथल्या घरांतला रेशनचा गहू तपासून घेतला. त्यांनी जाहीर केलेल्या निष्कर्षानुसार त्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम होतं. असायला हवं जास्तीत जास्त १.९ मिलिग्रॅम. गहू धुऊन तपासला तरी आकडा १३.६१. म्हणजे दोष वरच्या धुळीत नव्हता, दाण्याच्या आत होता. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आला असावा, असं त्यांचं म्हणणं.

एका चपातीचा हिशोब

सेलेनियम तसं शरीराला लागतं. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम पुरतं. ४०० च्या वर जाऊ नये, असं मानतात. एका चपातीला ३० ग्रॅम पीठ धरा. तसल्या गव्हाच्या एकाच चपातीतून ४३५ मायक्रोग्रॅम पोटात जातं. दिवसाची मर्यादा पहिल्याच चपातीत संपली!

गव्हाला कळलं कसं नाही?

सेलेनियम आणि गंधक हे रसायनशास्त्रातले सख्खे भाऊ. मातीतलं गंधक आत घेण्यासाठी मुळांना जी दारं असतात, त्याच दारांतून सेलेनियमही शिरतं. रोप त्याला गंधक समजून प्रथिनांत वापरतं आणि ते थेट दाण्यात पोचतं. प्रमाण फारच वाढलं तर पानं पांढरी पडतात. त्याआधी मात्र पीक उभं असतं, ओंबी भरते, कुणाला शंकाही येत नाही.

इथेच खरी गोम आहे. ‘विषारी माती सहन करणारं पीक’ म्हटलं की आपल्याला बरं वाटतं. पण सहन करण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत. काही रोपं विषारी घटक मुळाबाहेरच अडवतात. काही तो आत घेतात, पण मुळांच्या पेशींत कुलूपबंद करून ठेवतात. कॅडमियमच्या बाबतीत बरीच रोपं असं करतात. आणि काही रोपं तो पानांत, दाण्यांत साठवूनही जगतात. पहिले दोन प्रकार माणसाच्या कामाचे. तिसऱ्यात पीक वाचतं, खाणारा अडकतो.

रोपाला मदत कशी करायची?

पंजाबात होशियारपूर आणि शहीद भगतसिंग नगर जिल्ह्यांच्या काही पट्ट्यांत जमिनीतच सेलेनियम जास्त आहे. शिवालिक डोंगरांतून वाहून आलेली ती माती. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने तिथे साधा उपाय तपासला: जिप्सम. जिप्सममध्ये गंधक असतं. मुळांच्या दाराशी गंधकाची गर्दी झाली की सेलेनियमला आत शिरायला जागा कमी मिळते. गव्हातलं प्रमाण त्याने बरंच उतरलं.

प्रत्येक विषाला मात्र हे औषध चालत नाही. कॅडमियम जस्तासारखं वागतं, म्हणून जस्त कमी असलेल्या जमिनीत झिंक सल्फेट दिल्याने गव्हातलं कॅडमियम कमी होऊ शकतं. भातातलं आर्सेनिक रोखायला सिलिकॉनची मदत होते. आम्लधर्मी जमिनीत चुना टाकला की कॅडमियम मातीत बांधलं जातं. पण सेलेनियमच्या जमिनीत चुना टाकणं उलटं पडू शकतं, कारण अल्कधर्मी जमिनीत ते मुळांना अधिक सहज मिळतं. म्हणून आधी तपासणी, मग उपाय.

चिखलीच्या शेतकऱ्याने काय करावं?

शेगावात सापडलेला गहू बाहेरचा होता, असं डॉ. बावस्करच म्हणतात. तेव्हा आपल्या काळ्या जमिनीत सेलेनियम आहे असा अर्थ कुणी काढू नये. घाबरून जिप्समची पोती उचलायचीही गरज नाही. पण काही गोष्टी हातात आहेत.

एक, मृद आरोग्य पत्रिका काढा. त्यावर १२ घटक येतात. गंधक, जस्त आणि सामू आधी बघा. गंधक-जस्ताची कमतरता असेल तर ती भरून काढा. सोयाबीनलाही फायदा आहे.

दोन, हेही लक्षात ठेवा की या पत्रिकेत सेलेनियम, कॅडमियम, आर्सेनिक, शिसं यांची तपासणी नसते. शंका असेल तर ती वेगळी करून घ्यावी लागते. कृषी विज्ञान केंद्रात किंवा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात चौकशी करा.

तीन, कारखान्याची राख, गाळ किंवा नाल्याचं पाणी फुकट मिळतं म्हणून भाजीच्या वाफ्यात सोडू नका. जड धातू एकदा मातीत गेले की आपल्या हयातीत निघत नाहीत.

आणि घरात? वर्षभर एकाच ठिकाणच्या गव्हावर राहू नका. गव्हाच्या जोडीला आपल्या भागातली ज्वारी ठेवा. एका धान्यात दोष असला तरी सगळा भार त्याच्यावर पडत नाही. घरात दोघा-तिघांचे केस एकदम गळू लागले किंवा नखं ठिसूळ झाली, तर तेल बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवा आणि घरातलं धान्य कुठून आलं तेही सांगा. शेगावात उत्तराचा माग शेवटी पिठाच्या डब्यापर्यंतच गेला होता.