एचटीएमएल घटकांची प्रकारनिश्चिती

वेबपृष्ठातील एखादा घटक परिच्छेद आहे, दुवा आहे, चित्र आहे की माहिती भरण्याची चौकट आहे, हे जावास्क्रिप्ट भाषेतील आज्ञावलीने पृष्ठ उघडलेले असताना ठरविण्याच्या क्रियेस प्रकारनिश्चिती म्हणतात. एचटीएमएल ही पृष्ठरचनेची भाषा टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत तयार केली व तिच्यातील टॅगांचे वर्णन १९९१ मध्ये उपलब्ध झाले. जावास्क्रिप्टची रचना ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत १९९५ मध्ये केली. ब्राउझर पृष्ठाचा मजकूर वाचून त्याचा वृक्षाकार आराखडा संगणकाच्या स्मृतीत उभारतो. आज्ञावलीचा व्यवहार मुख्यतः या आराखड्याशी असतो. त्याचे पहिले प्रमाण, म्हणजे डॉक्युमेंट ऑब्जेक्ट मॉडेल, वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने १ ऑक्टोबर १९९८ रोजी प्रसृत केले.

वृक्षातील प्रत्येक बिंदूस नोड म्हणतात. सर्वच नोड घटक नसतात. ‘नोडटाइप’ या गुणधर्माचे मूल्य घटकासाठी १, मजकुरासाठी ३, टीपेसाठी ८ आणि संपूर्ण दस्तऐवजासाठी ९ असते. दोन टॅगांमधील कोरी जागा हीसुद्धा बहुधा मजकुराचा नोड ठरते. त्यामुळे यादीचे पहिले अपत्य मागणाऱ्या नवशिक्याच्या हाती पुष्कळदा यादीतील बाब न येता ही कोरी जागा येते. भाषेतील ‘टाइपऑफ’ हा कारक येथे उपयोगी पडत नाही. परिच्छेद असो वा चित्र, त्याचे उत्तर ‘ऑब्जेक्ट’ एवढेच असते.

नावावरून प्रकार ठरविणे ही सर्वांत रूढ रीत होय. ‘टॅगनेम’ हा गुणधर्म एचटीएमएल दस्तऐवजातील एचटीएमएल घटकाचे नाव नेहमी मोठ्या रोमन अक्षरांत देतो, मग पृष्ठकर्त्याने ते कसेही लिहिलेले असो. एक्सएमएलच्या नियमांनी वाचलेल्या दस्तऐवजात मात्र नाव जसे लिहिले तसेच राहते. त्याच पृष्ठातील एसव्हीजी या रेखाचित्र-भाषेच्या घटकांची नावेही मोठी होत नाहीत. म्हणून तुलनेपूर्वी नाव लहान अक्षरांत आणतात किंवा ‘लोकलनेम’ वापरतात. हे रूपांतर स्थानिक भाषेचे नियम पाळणाऱ्या क्रियेने करू नये. तुर्की भाषेसाठी मांडलेल्या ब्राउझरवर मोठ्या ‘आय’चे रूपांतर बिनटिंबाच्या ‘आय’मध्ये होते आणि ‘इनपुट’ हे साधे नावही जुळत नाही. ‘लोकलनेम’नेही सर्व काम भागत नाही. दुव्याचा ‘ए’ हा घटक एचटीएमएल व एसव्हीजी या दोहोंत आहे आणि त्यांतील भेद नामावकाश पाहूनच कळतो.

दुसरी रीत ‘इन्स्टन्सऑफ’ या कारकाने घटकाचा वर्ग तपासण्याची आहे. वर्ग आणि टॅग यांचा संबंध एकास एक असा नाही. शीर्षकांच्या सहाही पातळ्यांना एकच वर्ग आहे; ‘सेक्शन’ व ‘आर्टिकल’ यांना स्वतंत्र वर्गच नाही. अपरिचित नावाचा घटक अज्ञात घटकांच्या वर्गात पडतो, परंतु नियमानुसार रचलेल्या नावात संयोगचिन्ह असल्यास तो सर्वसाधारण वर्गात जातो. याहून मोठी अडचण आयफ्रेमची आहे. प्रत्येक चौकटीस वर्गांचा स्वतःचा संच असल्यामुळे आतील चौकटीत निर्माण झालेली चित्रवस्तू बाहेरच्या आज्ञावलीस चित्र म्हणून ओळखता येत नाही. येथे नावाची कसोटीच अधिक भरवशाची ठरते.

‘इनपुट’ या एका टॅगाखाली मजकुराची चौकट, निवडीची खूण, दिनांक, बटण असे अनेक प्रकार येत असल्याने तेथे ‘टाइप’ हा गुणधर्मही पाहावा लागतो. ब्राउझरला न कळणारे मूल्य लिहिल्यास हा गुणधर्म ‘टेक्स्ट’ असे उत्तर देतो; लेखकाने मुळात काय लिहिले होते ते ‘गेटअॅट्रिब्यूट’ने मिळते. टिचकीची घटना हाताळताना बटणावर टिचकी मारूनही लक्ष्य म्हणून त्याच्या आतील चिन्हाचा घटक मिळू शकतो. अशा वेळी लक्ष्याचे नाव तपासण्यापेक्षा ‘क्लोझेस्ट’ या पद्धतीने वरच्या दिशेने बटण शोधणे योग्य होय.

सर्वांत गंभीर दोष फॉर्म या घटकात आढळतो. फॉर्ममधील चौकटीला दिलेले नाव त्या फॉर्मच्या गुणधर्माप्रमाणे वापरता येते आणि ते अंगभूत गुणधर्मालाही झाकून टाकते. चौकटीचे नाव ‘नोडनेम’ ठेवल्यास फॉर्मचे नाव विचारणाऱ्या आज्ञावलीस अक्षरमालिकेऐवजी ती चौकटच मिळते. वाचकांनी पाठविलेल्या मजकुरातील घातक टॅग गाळणाऱ्या आज्ञावल्या अशाच तपासणीवर विसंबतात. एखाद्याने चौकटीस ‘अॅट्रिब्यूट्स’ असे नाव दिले, तर गाळणी फॉर्मचे गुणविशेष तपासू जाते, तिला तेथे चौकट सापडते आणि फॉर्मवर लिहिलेली घातक आज्ञा न तपासताच पुढे जाऊ शकते. या हल्ल्यास डीओएम क्लॉबरिंग म्हणतात. त्यावर उपाय म्हणून मिळालेले नाव अक्षरमालिकाच आहे याची आधी खात्री करतात, किंवा मूळ वर्गाच्या नमुन्यावरील वाचनक्रिया थेट त्या घटकावर चालवितात. फॉर्ममधील चौकटीचे नाव त्या क्रियेच्या आड येत नाही.