आधारवाडी: डोंबिवलीकरांचा तुरुंग आणि नवा कायदा

डोंबिवलीत नाट्यगृह आहे, वाचनालयं आहेत, चार पोलीस ठाणी आहेत. तुरुंग मात्र नाही. रामनगर, विष्णुनगर, टिळकनगर किंवा मानपाडा ठाण्यात अटक झालेल्या माणसाला कल्याणच्या कोर्टात उभं करतात. न्यायालयीन कोठडी मिळाली की त्याची रवानगी बहुधा आधारवाडीला, म्हणजे कल्याण जिल्हा कारागृहात होते. मग घरच्यांच्या फेऱ्या सुरू होतात. मुलाकातीचा नंबर लावायचा, कॅन्टीनसाठी मनीऑर्डर करायची आणि वकिलाला पुढची तारीख विचारायची.

आधारवाडीची अधिकृत क्षमता 540 बंद्यांची. गेल्या काही वर्षांत तिथे याच्या तिपटीहून अधिक माणसं राहिली आहेत. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृहही असंच भरलेलं. ते ज्या किल्ल्यात आहे तो पोर्तुगीजांनी बांधायला घेतला आणि मराठ्यांनी 1737 साली जिंकला. पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला आणि 19 एप्रिल 1910 रोजी क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना तिथेच फाशी दिलं.

त्या तिघांना ज्या कायद्याखाली कोंडलं तो कारागृह अधिनियम 1894 सालचा. बंद्याला पळू न देणं आणि शिस्तीत ठेवणं, एवढीच त्याची दृष्टी. मूळ कायद्यात फटक्यांची शिक्षा होती. जास्तीत जास्त तीस फटके, आणि वेताची जाडीसुद्धा ठरलेली. माणूस बाहेर पडल्यावर जगणार कसा, याबद्दल जवळजवळ अवाक्षर नाही. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने कारागृह हा विषय राज्यांकडे दिला. पॅरोल-फर्लोचे, म्हणजे तात्पुरत्या रजेचे, नियम तेव्हाच्या मुंबई राज्याने 1959 मध्ये केले, पण पाया जुनाच राहिला.

मधल्या काळात बंद्यांच्या हक्कांची वाट कोर्टाने मोकळी केली. प्रभाकर संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचं मराठी पुस्तक लिहिलं. हस्तलिखित बाहेर पाठवायला सरकारने नकार दिला. 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. ऑक्टोबर 2024 मध्ये याच न्यायालयाने तुरुंगातली जातीवर आधारित कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली.

केंद्राने 2023 मध्ये आदर्श कारागृह कायद्याचा मसुदा राज्यांकडे पाठवला. त्या धर्तीवर महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर 2024 च्या नागपूर अधिवेशनात महाराष्ट्र कारागृहे व सुधारसेवा विधेयक मंजूर केलं. विशेष कारागृहं, महिलांसाठी खुली कारागृहं, तात्पुरती कारागृहं, खुल्या वसाहती आणि तरुण गुन्हेगारांसाठी वेगळ्या संस्था, अशी वर्गवारी त्यात आहे. कल्याण निधीचीही तरतूद आहे.

यातली खुली वसाहत आपल्याला नवी नाही. 1939 मध्ये औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलं. कल्पना मॉरिस फ्रीडमन यांची, पाठबळ औंधचे राजे पंतप्रतिनिधी यांचं. शिक्षा झालेली माणसं तिथे भिंतीशिवाय राहून शेती करत. त्याच प्रयोगावर गदिमांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ केला. सिनेमा घरोघरी पोचला, पण तो प्रयोग राज्यभर काही पसरला नाही.

आधारवाडीची अडचण वेगळीच आहे. खुली वसाहत असते शिक्षा झालेल्यांसाठी, म्हणजे तुरुंगाच्या भाषेत पक्क्या कैद्यांसाठी. जिल्हा कारागृहात भरणा असतो कच्च्या कैद्यांचा. देशभरातही दर चार बंद्यांतले सुमारे तीन कच्चेच. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. मग सुधारायचं कुणाला? त्यांना हवी असते सुनावणी. पोलिसांचा बंदोबस्त मिळाला नाही की कोर्टात नेणं चुकतं, व्हिडिओ कॉन्फरन्सिंग जोडलं गेलं नाही की पुढची तारीख पडते, आणि जामीन मिळूनही जामीनदार नसल्याने माणूस आतच राहतो.

यावरचा उपाय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 मध्ये आहे. पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडायचं. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्याची. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत, आणि एकाहून अधिक खटले असतील तर हा लाभ नाही. मुदत भरली की कारागृह अधीक्षकाने स्वतःहून कोर्टाला लेखी कळवायचं आहे. ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या खटल्यांनाही हे लागू केलं.

म्हणून नव्या कारागृह कायद्याचं मोजमाप आधारवाडीच्या रजिस्टरात करावं. अधीक्षकांनी कलम 479 खाली किती अर्ज केले, किती जण ठरल्या तारखेला कोर्टासमोर उभे राहिले, हे आकडे दर महिन्याला जाहीर व्हायला हवेत. ते सुधारले नाहीत, तर सुधारसेवा हे नाव पाटीपुरतंच उरेल.

तोवर कोठडीत माणूस असलेल्या घराने एक लक्षात ठेवावं. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 नुसार, उत्पन्न कितीही असो, कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा फोन नंबर 15100.