कामाच्या ठिकाणची रसायने आणि नाकातील आवरण : पांढुर्णा-सौंसर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन्ही तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ मध्ये ते मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. मध्य प्रदेशातील या सीमाभागात मराठी ही घराघरातील भाषा आहे. संत्री आणि कापूस ही येथील मुख्य पिके होत. त्यांच्या जोडीला कापसाचे जिनिंग, सौंसर तालुक्यातील बोरगावचे औद्योगिक क्षेत्र आणि मँगनीजच्या खाणी आहेत. वेल्डिंग, सुतारकाम व गाड्यांच्या रंगकामाची लहान दुकाने तर प्रत्येक गावी असतात. महाविद्यालयातून बाहेर पडणारे अनेक विद्यार्थी अशाच कामांवर लागतात. या कामांत हवेत मिसळणाऱ्या पदार्थांचा पहिला आघात नाकावर होतो. परंतु नाक वाहणे म्हणजे पडसे, एवढाच अर्थ लावला जातो आणि आजाराची पहिली खूण हातची जाते. ही खूण कशी ओळखावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नाकातील आवरणाचे कार्य

प्रौढ माणूस दिवसाला सुमारे दहा हजार लिटर किंवा अधिक हवा आत घेतो. ही हवा गरम, दमट व स्वच्छ करण्याचे काम नाकातील श्लेष्मल आवरण करते. या आवरणातील पेशींवर अतिसूक्ष्म रोम असतात व त्यांवर चिकट श्लेष्म्याचा पातळ थर असतो. रोम सतत एकाच दिशेने हलतात आणि धूळ अडकलेला श्लेष्मा मिनिटाला काही मिलिमीटर या गतीने घशाकडे ढकलतात. शेतातील पाटाचे पाणी जसे काडीकचरा वाहून नेते, तसेच हे कार्य होय. रोम थांबले की श्लेष्मा साचतो, सुकतो व त्याच्या खपल्या होतात.

कोणता पदार्थ कोठे थांबतो, हे त्याच्या गुणधर्मावर ठरते. पाण्यात सहज विरघळणारे अमोनिया, सल्फर डायऑक्साइड व फॉर्माल्डिहाइड हे वायू बहुतांशी नाकातच शोषले जातात. मोठे धूलिकणही तेथेच अडतात. कमी विरघळणारा नायट्रोजन डायऑक्साइड मात्र फुप्फुसापर्यंत पोहोचतो. म्हणजे ज्या पदार्थांपासून नाक फुप्फुसाला वाचवते, त्यांची झळ ते स्वतः सोसते. जड काम करताना माणूस तोंडाने श्वास घेऊ लागतो, तेव्हा हे संरक्षणही कमी होते.

इजेचे चार प्रकार

१) दाह : तीव्र वायू किंवा धुळीमुळे आवरण सुजते. शिंका, जळजळ व नाक चोंदणे ही लक्षणे दिसतात. संपर्क वर्षानुवर्षे राहिला तर रोम असलेल्या पेशींच्या जागी चपट्या, रोमहीन पेशी येऊ शकतात. कापसाच्या धुळीत जिवाणूंचे विषारी अंशही असतात. त्यामुळे जिनिंगमधील धूळ निव्वळ धूळ समजणे चूक आहे.

२) ॲलर्जी : काही पदार्थ सुरुवातीस त्रास देत नाहीत. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी शरीर त्यांच्याविरुद्ध सज्ज होते व नंतर थोडा संपर्कही पुरतो. गाड्यांच्या फवारणीच्या काही रंगांतील आयसोसायनेट, काही लाकडांचा भुसा व धान्याचे पीठ ही याची उदाहरणे होत. अशा कामगारात नाकाचा त्रास बरेचदा दम्याच्या आधी सुरू होतो. म्हणून या ‘पडशा’कडे दम्याची आगाऊ सूचना म्हणून पाहिले पाहिजे.

३) व्रण व छिद्र : क्रोमियमचे षट्संयोजी स्वरूप क्रोम मुलामा देण्याच्या टाकीवरील वाफेत, बायक्रोमेट रसायनांत व स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगच्या धुरात आढळते. क्रोमियममुळे त्वचेवर होणाऱ्या व्रणांचे वर्णन ग्लासगोचे डॉ. कमिन यांनी १८२७ मध्येच केले होते. नाकात हा व्रण मधल्या पडद्याच्या पुढच्या भागावर होतो. तेथे हवेचा झोत थेट आदळतो, रसायन लागलेले बोट तेथेच जाते आणि आतील कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पुढे पडद्याला आरपार छिद्र पडू शकते. बहुधा ते दुखत नाही. खपल्या धरतात, अधूनमधून घोळणा फुटतो, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो. कामगाराला पुष्कळदा आपल्या नाकात छिद्र आहे हेच माहीत नसते; आणि आपोआप ते भरून येत नाही.

४) कर्करोग : इंग्लंडच्या फर्निचर उद्योगातील सुतारांमध्ये नाकाचा एक दुर्मिळ कर्करोग नेहमीपेक्षा कितीतरी अधिक आढळतो, हे ॲचेसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने निकेलची संयुगे, लाकडाचा भुसा, चामड्याची धूळ व फॉर्माल्डिहाइड यांचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोगकारक असलेल्या गटात केला आहे. हा रोग संपर्कानंतर अनेक वर्षांनी, कधी काम सोडल्यावरही, प्रकट होतो. एकाच बाजूचे नाक सतत चोंदणे किंवा त्यातून रक्त येणे ही लक्षणे त्वरित तपासून घ्यावीत.

मँगनीजचा विशेष विचार

भूगर्भशास्त्रात मध्य भारतातील मँगनीजयुक्त खडकांच्या एका मोठ्या समूहाला ‘सौंसर समूह’ असेच नाव आहे. खनिजाची धूळ व वेल्डिंगचा धूर यांतून मँगनीज श्वासात जाते. प्राण्यांवरील प्रयोगांत ते गंधाच्या चेतातंतूंवाटे थेट मेंदूकडे जाताना आढळले आहे. मँगनीजच्या विषबाधेत हालचाली मंदावतात व चालणे बिघडते. याचा अर्थ असा की, नाक ही केवळ इजेची जागा नसून शरीरात शिरण्याची वाटही आहे. खाणीत खनिज ओले करून धूळ दाबणे त्यामुळेच महत्त्वाचे ठरते.

निदान : दोन प्रश्न

रुग्णाला ‘तू काय काम करतोस?’ असे विचारावे, हा आग्रह इटलीचे वैद्य रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवरील आपल्या ग्रंथात धरला. त्याला दुसरा प्रश्न जोडावा : ‘सुटीच्या दिवशी नाक कसे असते?’ सुटीत बरे वाटते व कामावर गेले की पुन्हा त्रास होतो, असे असल्यास कारण कामाच्या जागी शोधावे. दोन-तीन आठवडे लक्षणांची नोंद वहीत ठेवल्यास डॉक्टरांना फार मदत होते. नाक मोकळे करणारे थेंब स्वतःच्या मनाने दीर्घकाळ वापरल्यास चोंदणे उलट वाढते व मूळ कारण झाकले जाते.

१९४८ च्या कारखाना अधिनियमाने क्रोमचे व्रण व मँगनीजची विषबाधा हे आजार सरकारला कळवणे बंधनकारक केले होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता लागू झाली व तिच्या अनुसूचीतही हे आजार आहेत. पण सतत वाहणारे नाक कोणत्याही यादीत नाही. त्यामुळे ते विचारल्याशिवाय कळत नाही.

प्रतिबंध

तोंडाला दुपट्टा बांधल्याने वायू अडत नाही. धुळीचा मुखवटा चांगला असला तरी तो धूळच अडवतो. वायूसाठी योग्य गाळणी असलेला मुखवटा लागतो. मुखवटा हा शेवटचा उपाय होय. आधी कमी घातक पदार्थ वापरणे, टाकी झाकणे, धूर उगमापाशीच खेचून घेणे व भुसा झाडण्याऐवजी ओढून घेणे हे उपाय करावेत. वासावर विसंबणेही धोक्याचे आहे, कारण सततच्या संपर्काने नाकाला त्या वासाची सवय होते. कामानंतर हात धुतल्याशिवाय नाकात बोट घालू नये.

निष्कर्ष

शिक्षकांना याची सुरुवात आपल्याच प्रयोगशाळेतून करता येईल. जीवशास्त्राच्या नमुन्यांच्या बरण्यांत असलेले फॉर्मलिन हे फॉर्माल्डिहाइडचेच द्रावण आहे. बरण्या घट्ट बंद ठेवणे, नमुने हाताळण्यापूर्वी पाण्याने धुणे व खिडक्या उघड्या ठेवणे यांस खर्च नाही. व्यवसाय अभ्यासक्रमात वेल्डिंग, सुतारकाम किंवा रंगकाम शिकवताना हत्यारांच्या माहितीबरोबरच नाकाचा हा पाठही द्यावा. अठरा-वीस वर्षांचा तरुण ‘सर, मला बारमाही सर्दी आहे’ असे म्हणेल, तेव्हा ‘कामावर काय हाताळतोस?’ हा प्रश्न त्याला सर्वप्रथम शिक्षकानेच विचारलेला असावा. त्या वेळी आवरण केवळ सुजलेले असेल, तर ते बरे होऊ शकते. पडद्याला छिद्र पडल्यावर हा प्रश्न विचारून फारसे हाती लागत नाही.