मोबाइलच्या जमान्यात हॅम रेडिओवाले हवेत हजेरी कशासाठी घेतात?

ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर एक जण रेडिओ सेट सुरू करतो आणि विचारतो, "कोण कोण हजर आहे?" मग एकेक आवाज येऊ लागतो. कुणी पुण्यातून, कुणी बेळगावातून, कुणी थेट हैदराबादहून. प्रत्येक जण आपली ओळख सांगतो, समोरच्याचा आवाज कसा येतोय ते सांगतो, पाऊसपाण्याची चौकशी होते आणि थोड्या वेळाने सगळे निरोप घेतात.

हॅम रेडिओच्या भाषेत याला 'नेट' म्हणतात. इंटरनेटशी याचा काही संबंध नाही. इंटरनेट जन्मायच्या कितीतरी आधीपासून जगभरचे हॅम अशी नेट भरवत आले आहेत.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडतो. एवढं बोलणं व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर दोन मिनिटांत होतं. मग त्यासाठी सरकारी परीक्षा, महागडा सेट आणि गच्चीवर ताणलेली तार कशाला? याचं उत्तर समजून घ्यायचं, तर आधी नेट चालतं कसं ते पाहावं लागेल.

हॅम म्हणजे नेमकं कोण?

हौस म्हणून रेडिओवरून दुतर्फा बोलणाऱ्या परवानाधारकाला 'हॅम' म्हणतात. आकाशवाणीसारखं प्रसारण तो करू शकत नाही. गाणी वाजवायची नाहीत, जाहिरात करायची नाही, धंद्याचे निरोप द्यायचे नाहीत आणि गुप्त सांकेतिक भाषेत बोलायचं नाही, असे नियम असतात. त्यामुळे हॅम जे बोलतो ते कुणीही ऐकू शकतं.

भारतात हा परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागाची 'वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन' शाखा देते. परवान्यासोबत प्रत्येकाला स्वतःचं 'कॉल साइन' मिळतं. गाडीच्या नंबरासारखंच, जगात एकमेव. भारतीय हॅमचं कॉल साइन साधारणपणे 'व्हीयू टू' किंवा 'व्हीयू थ्री'ने सुरू होतं आणि त्यापुढे अक्षरं येतात. माजी पंतप्रधान राजीव गांधी हेही हॅम होते. त्यांचं कॉल साइन होतं 'व्हीयू टू आरजी'.

नेटवर कोण, कधी बोलणार हे कसं ठरतं?

फोनवर दोघं एकाच वेळी बोलू शकतात. हॅम रेडिओवर एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं. दोघांनी एकदम बटण दाबलं, तर ऐकणाऱ्याला नुसती खरखर किंवा शिट्टी ऐकू येते. वीस जण एकाच जागी जमले आणि कुणी शिस्त लावली नाही, तर कुणाचंच काही पोचणार नाही.

म्हणून प्रत्येक नेटला एक 'नेट कंट्रोल' असतो. शाळेतला वर्गशिक्षक आणि सभेचा अध्यक्ष, दोन्ही कामं त्याचीच. तो नेट सुरू करतो आणि सगळ्यात आधी विचारतो, कुणाकडे तातडीचा निरोप आहे का? तसा कुणी असेल, तर बाकी सगळं थांबतं. नसेल, तर हजेरी सुरू होते. प्रत्येक जण आपलं कॉल साइन, नाव आणि गाव सांगतो. कंट्रोल ते वहीत वेळेसकट लिहून घेतो. मग क्रमाने एकेकाला बोलायची पाळी मिळते.

कॉल साइन सांगताना अक्षरांऐवजी ठरलेले शब्द वापरतात. 'बी'साठी ब्राव्हो, 'डी'साठी डेल्टा, 'व्ही'साठी व्हिक्टर. खरखरीत 'बी', 'डी', 'पी' सारखेच ऐकू येतात, पण 'ब्राव्हो' आणि 'पापा' यांची गल्लत होत नाही. नेहमीच्या वाक्यांसाठीही छोटे संकेत आहेत. 'क्यूटीएच' म्हणजे ठिकाण, 'क्यूएसएल' म्हणजे निरोप पोचला आणि '७३' म्हणजे शुभेच्छा. तारयंत्राच्या काळात एकेक अक्षर वाचवण्यासाठी तयार झालेली ही भाषा अजून टिकून आहे. वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या हॅमनाही ती एकमेकांशी बोलताना उपयोगी पडते.

'माझा आवाज कसा येतोय?' हे रोज विचारायची काय गरज?

नेटवर हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि बाहेरच्याला तो सगळ्यात निरर्थक वाटतो. पण यामागे पक्कं शास्त्र आहे.

हॅम मंडळी लांबवर बोलण्यासाठी बऱ्याचदा ७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे '४० मीटर' पट्ट्यातल्या लहरी वापरतात. या लहरी आकाशात जातात, तिथल्या आयनांबर या विद्युतभारित थरावरून वळतात आणि दूर कुठेतरी जमिनीवर उतरतात. हा थर सूर्याच्या उन्हाने तयार होतो. त्यामुळे तो सकाळी वेगळा, दुपारी वेगळा आणि रात्री आणखी वेगळा असतो. दुपारी जे ठिकाण स्वच्छ ऐकू येतं, ते पहाटे गायब होऊ शकतं.

यातून मोठी गंमत घडते. पहाटे पुण्याच्या हॅमला साताऱ्याचा हॅम ऐकूच येत नाही, पण पाचशे किलोमीटरवरच्या हैदराबादचा खणखणीत ऐकू येतो, असं होऊ शकतं. कारण लहर जवळच्या गावावरून उडी मारून पलीकडे उतरते. अशा वेळी हैदराबादवाला मध्ये पडतो. पुण्याचा निरोप ऐकून घेतो आणि साताऱ्याला सांगतो. याला 'रिले' म्हणतात.

रोजच्या नेटमधून नेमकं हेच कळत राहतं. कुठल्या वेळी कोण कुणाला ऐकतो, कुणाची अँटेना कमजोर झाली आहे, निरोप पुढे न्यायचा असेल तर मध्ये कोणाला घ्यायचं. ही माहिती पुस्तकात मिळत नाही. रोज बोलणाऱ्यांच्या अंगवळणी ती पडते.

शहरातल्या शहरात बोलायचं असेल तर?

त्यासाठी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा जास्त वापरला जातो. हातात मावणारा, पाचेक वॉटचा छोटा सेट त्याला पुरतो. पण या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर किंवा उंच इमारत आली, की आवाज अडतो.

यावर उपाय म्हणजे रिपीटर. एखाद्या डोंगरमाथ्यावर किंवा उंच इमारतीवर बसवलेलं हे यंत्र एका फ्रिक्वेन्सीवर आलेला आवाज त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जास्त ताकदीने पुन्हा सोडतं. हातातल्या सेटवरून एरवी जेमतेम काही किलोमीटर पोचणारा आवाज रिपीटरमुळे अख्ख्या शहरभर जातो. असे बरेचसे रिपीटर क्लबचे सभासद वर्गणी काढून, स्वतः डोंगर चढून सांभाळतात. वीज पडली, बॅटरी संपली, केबल कुरतडली गेली, तरी दुरुस्तीला कुणी कंपनी येत नाही.

या हजेरीचा खरा उपयोग कधी झाला?

डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओ या संस्थेचं पथक भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअरला गेलं होतं. अंदमानातून हॅम रेडिओ चालवायची परवानगी बऱ्याच वर्षांनी मिळाली होती आणि या दुर्मीळ ठिकाणाशी बोलायला जगभरच्या हॅमची झुंबड उडाली होती. म्हणजे काम निव्वळ हौसेचं होतं.

२६ डिसेंबरला समुद्रात प्रचंड भूकंप झाला, त्सुनामी आली आणि बेटांचा संपर्क तुटला. पथकाने हौसेचं बोलणं थांबवलं आणि तोच सेट, तीच अँटेना मदतीच्या कामाला लावली. अडकलेले पर्यटक आणि रहिवासी सुखरूप आहेत का, याचे निरोप मुख्य भूमीवर जाऊ लागले. पुढे जास्त हानी झालेल्या कार निकोबार बेटावरही हॅमनी केंद्र उभारलं.

इथे नेटच्या शिस्तीचा अर्थ लक्षात येतो. एकीकडे शेकडो लोक आपल्या माणसाची चौकशी करत असतात आणि दुसरीकडे फ्रिक्वेन्सी एकच असते. सगळ्यांनी एकदम बोलायचं ठरवलं, तर एकाचंही काम होत नाही. कंट्रोलने 'थांबा' म्हटलं की थांबायचं, तातडीचं आधी घ्यायचं, नाव अक्षर-अक्षर सांगायचं, आकडा दोनदा सांगायचा आणि समोरच्याने तो परत म्हणून दाखवेपर्यंत निरोप पोचला असं मानायचं नाही. या सवयी संकटाच्या दिवशी शिकता येत नाहीत. पाऊसपाण्याच्या गप्पा मारताना त्या आधीच अंगात मुरलेल्या असाव्या लागतात.

२००१ चा भूजचा भूकंप आणि २०१८ चा केरळमधला महापूर, याही वेळी हॅम मंडळींनी मदत केली. मोबाइलला टॉवर लागतो, टॉवरला वीज लागते आणि टॉवरना एकमेकांशी जोडणारी केबलही लागते. यातलं एक जरी तुटलं, तरी हातातला फोन गप्प होतो. हॅमचा सेट मात्र गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि झाडाला बांधलेली मोजून कापलेली तार त्याला अँटेना म्हणून पुरते.

संकट नसताना क्लब काय करतात?

बरंच काही. त्यातला बहुतेक भाग खेळासारखा असतो.

'फॉक्स हंट' मध्ये एक छोटा ट्रान्समीटर कुठेतरी लपवून ठेवतात. दिशा दाखवणारी अँटेना हातात घेऊन तो शोधून काढायचा. ज्याला हे जमतं, त्याला फ्रिक्वेन्सीवर व्यत्यय आणणारं ठिकाणही शोधता येतं. 'फील्ड डे'ला सभासद मोकळ्या माळावर जातात, घरची वीज न वापरता केंद्र उभारतात आणि जास्तीत जास्त ठिकाणांशी बोलतात. दर ऑक्टोबरमध्ये जगभरचे स्काउट-गाइड हॅम केंद्रांवर जमून एकमेकांशी बोलतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचे अंतराळवीरही ठरवून शाळकरी मुलांशी हॅम रेडिओवर बोलतात. स्थानक डोक्यावरून जाताना जेमतेम दहा मिनिटं मिळतात, त्यामुळे मुलांना प्रश्न आधीच पाठ करून ठेवावे लागतात.

सेट घरी बनवण्याची परंपराही जुनी आहे. हैदराबादचे अशर फरहान यांनी 'बिटएक्स' नावाच्या स्वस्त, सहज मिळणाऱ्या सुट्या भागांच्या सेटचा आराखडा सगळ्यांसाठी खुला केला आणि जगभरच्या हौशी लोकांनी तो बनवला. इस्रोने ५ मे २००५ रोजी 'हॅमसॅट' हा उपग्रह खास हॅम मंडळींसाठी सोडला. तो २०१४ पर्यंत काम करत होता.

काही क्लब गर्दीच्या ठिकाणी सेवा देतात. पश्चिम बंगालमधल्या गंगासागर मेळ्यात चुकलेल्या, घरचा पत्ताही नीट सांगता न येणाऱ्या यात्रेकरूंची घरं तिथल्या हॅमनी देशभरातल्या ओळखींच्या जाळ्यातून शोधून काढली आहेत. म्हातारी एखाद्या गावाचं किंवा नदीचं नाव तेवढं सांगते. ते नाव दूरच्या राज्यातल्या हॅमपर्यंत पोचतं आणि तो पुढे चौकशी करतो. हे जाळंही नेटवरच्या ओळखींतूनच विणलं जातं.

मग अडचण कुठे आहे?

हॅम रेडिओ पोलीस वायरलेस किंवा सॅटेलाइट फोनची जागा घेत नाही. मोठ्या आपत्तीत सरकारी यंत्रणा पोचतेच. हॅमचा उपयोग मुख्यतः पहिल्या काही तासांत आणि ज्या कोपऱ्यात दुसरं काही पोचलेलं नाही तिथे होतो. तोही प्रशासनाशी आधीपासून ओळख असेल तरच. ऐन वेळी खांद्यावर सेट टाकून आलेल्या अनोळखी माणसावर कुणी विसंबत नाही.

दुसरी अडचण शहरातल्या घरांची. सोसायटीच्या गच्चीवर अँटेना लावायला परवानगी मिळवणं हेच अनेकांना परीक्षेपेक्षा अवघड जातं. परवानगी मिळाली, तरी स्वस्त एलईडी दिवे, चार्जर आणि इन्व्हर्टर यांच्या विजेच्या गोंगाटात दूरचा क्षीण आवाज बुडून जातो.

आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे हजेरी. परवाना कपाटात ठेवून वर्षानुवर्षं सेटला हात न लावणारे हॅमही असतात. कंट्रोल करायला कुणी पुढे आलं नाही, की नेट एक दिवस चुकतं, मग आठवडाभर चुकतं आणि हळूहळू बंद पडतं. रिपीटर चालू असतो, पण त्यावर बोलणारं कुणी नसतं.

सुरुवात करायची असेल तर?

बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देता येते. त्यात रेडिओचं प्राथमिक तंत्र आणि नियम यांवर प्रश्न असतात. 'रिस्ट्रिक्टेड' आणि 'जनरल' अशा दोन श्रेणी आहेत. वरच्या श्रेणीसाठी मोर्स कोडही यावा लागतो. परवाना हातात येण्याआधी सेटवरून बोलणं हा गुन्हा आहे.

ऐकायला मात्र परवान्याची वाट पाहावी लागत नाही. काही हौशी लोकांनी आपले रिसीव्हर इंटरनेटला जोडून सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. जवळच्या क्लबमध्ये जाऊन एखाद्या हॅमच्या शेजारी बसून अख्खं नेट ऐकणं हा त्याहून चांगला मार्ग. आधी फक्त खरखर ऐकू येईल. चार-पाच दिवसांनी त्यातून आवाज ओळखू येऊ लागतील आणि आज हजेरीला कोण आलं नाही, हेही लक्षात येऊ लागेल. कंट्रोल करणारा माणूस वहीत नेमकी हीच नोंद ठेवत असतो.