फळी लांब करा

सोयाबीनचा हंगाम आला की खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकरच्या बाजार समित्यांत पिवळे ढीग लागतात. लिलाव होतो, माप होते आणि 50 किलोचे कट्टे हमालांच्या पाठीवरून ट्रकमध्ये चढतात. त्यात कुणी घसरून पडला की ‘पाहून चालायचं ना!’ एवढ्यावर चौकशी संपते. भौतिकशास्त्र मात्र आधी जमीन तपासते.

सपाट जागी चालताना टाच टेकते तेव्हा ती जमिनीला पुढे रेटते. हा रेटा आणि खाली पडणारा भार यांचे गुणोत्तर साधारण 0.2 असते, जमिनीने निदान तेवढे घर्षण द्यायला हवे. कोरडे, खरबरीत सिमेंट त्याच्या दुपटीहून अधिक देते. पण वर सोयाबीन सांडले की गोल दाणे चाकातल्या छर्‍यांसारखे फिरतात आणि घर्षण जवळपास संपतेच. पाय सटकल्यावर रिकामा माणूस हात फेकून, पुढचे पाऊल टाकून सावरतो. हमालाचे हात कट्ट्यात अडकलेले आणि गुरुत्वमध्य वर सरकलेला. म्हणूनच जुने हमाल भराभर, छोटी पावले टाकतात. पाऊल लहान असले की पाय उभा पडतो आणि पुढचा रेटा घटतो.

खरी गोम फळीत आहे. ट्रकचा हौदा 4 फूट उंच धरा. 8 फुटी फळीचा चढ 30 अंशांचा होतो. तिच्यावर नुसते उभे राहायलाही 0.58 घर्षणांक लागतो. फळी 12 फुटी केली तर 0.35 पुरतो. पावसाने भिजलेले, पायांनी झिजून गुळगुळीत झालेले लाकूड 0.58 देईल या भरवशावर कुणी राहू नये. आडव्या पट्ट्या ठोकल्या तर पायाला कडेचाच आधार मिळतो.

सरकीच्या तेलगिरणीत दुखणे वेगळे. तिथे तेलाचा पातळ थर तळव्याला फरशीपर्यंत पोचूच देत नाही. नुसते पाणी ओतले तर तेल आणखी पसरते. आधी भुसा टाकून ते शोषून घ्यावे, मग साबणाने धुवावे.

घसरवणारे पदार्थ जमिनीवर राहू नयेत, हे 1948च्या कारखाना अधिनियमाच्या कलम 32 मध्ये नंतरच्या दुरुस्तीने लिहिले गेले. 1969च्या माथाडी कायद्याच्या उद्देशांतही हमालांची सुरक्षितता आहे. तेव्हा कायद्याची वाण नाही. अडत्यांनी आणि बाजार समित्यांनी आवक वाढण्याआधी 12 फुटी, पट्ट्या ठोकलेल्या फळ्या करून घ्याव्यात आणि दर लिलावानंतर हमालांची वाट झाडून घ्यावी.