विश्लेषण : ट्युलिपच्या शेतांवरून विमानफेरी सकाळीच का?

नेदरलँड्सच्या फ्लेवोलँड प्रांतात एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत ट्युलिपची शेते रंगतात. समुद्राच्या पातळीखालच्या या जमिनीवरचे रंगीत पट्टे चार आसनी विमानातून पाहण्याची अनेकांना हौस असते. मात्र फेरीचा मुहूर्त शेतकरी आणि ऊन ठरवतात.

शेतकऱ्याला येथे फूल नव्हे, कंद विकायचा असतो. फुले उमलली, रोगट झाडे उपटून झाली की यंत्राने फुलांचे शेंडे उडवले जातात. त्यामुळे अन्न कंदात साठते. सकाळी लालभडक दिसलेले शेत संध्याकाळी हिरवे! महिनाभर आधीचे आरक्षण म्हणजे थोडा जुगारच.

धक्के कशामुळे?

नांगरलेली काळी जमीन उन्हात लवकर तापते. हिरवे पीक आणि कालवे सावकाश. तापलेल्या जमिनीवरची हवा वर उसळते आणि हलके विमान हिंदकळते. सकाळी जमीन थंड, त्यामुळे हवा शांत.

इंजिन बंद पडले तर?

युरोपीय नियमानुसार मोकळ्या रानावर किमान ५०० फूट, वस्तीवर १००० फूट उंची राखावी लागते. ‘सेसना १७२’ इंजिनाविना उंचीच्या साधारण नऊपट अंतर कापते. १००० फुटांवरून, वारा नसेल तर, जेमतेम पावणेतीन किलोमीटर. म्हणून प्रवासी छायाचित्रे टिपत असताना वैमानिक उतरण्याजोगे रान हेरत असतो. पहिली पसंती कुरणाला. भुसभुशीत नांगरटीत पुढचे चाक रुतून विमान उलटू शकते. तिथेच उतरणे भाग पडले, तर तासांच्या दिशेने, आडवे नाही.