आय-सेव्हन स्वस्तात मिळतो तेव्हा

आमच्या बचतगटाचा हिशेब आणि गणपतीच्या मूर्तींच्या ऑर्डरी वहीतून कॉम्प्युटरवर न्यायचं ठरलं, तेव्हा आम्ही चौघीजणी जित्याहून गाडीने निघालो आणि एका दुकानात शिरलो. दुकानदार म्हणाला, "ताई, नव्या आय-थ्रीला तीस हजार कशाला घालता? सोळा हजारांत आय-सेव्हन देतो." सात तीनापेक्षा मोठे, एवढं गणित आम्हालाही येतं! घेऊन आलो. सकाळी बटण दाबावं, चहा टाकावा, चहा पिऊन व्हावा, तरी पडद्यावर चक्र फिरतंच आहे.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही नुसती घराण्यांची नावं. पिढी कळते पुढच्या आकड्यावरून. आमचा होता आय-सेव्हन ४७७०, म्हणजे चौथी पिढी, २०१३ सालची. आय-थ्री १२१०० ही बारावी पिढी, २०२२ची. दोन्हींत कोअर चारच, पण नवा आय-थ्री त्या जुन्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो, आणि वीजही कमी खातो.

दुसरं म्हणजे त्यात जुनी फिरती हार्ड डिस्क होती. तिच्यात तबकडी फिरते आणि सुई माहिती शोधत बसते. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, म्हणून मशीन पटकन उघडतं. हिशेब, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म एवढ्याच कामाला महागड्या प्रोसेसरपेक्षा एसएसडी आणि ८ जीबी रॅम यांवर घातलेला पैसा जास्त दिसतो. रॅम ८ची एकच पट्टी घ्या, दुसरी खाच मोकळी राहू द्या. पुढे वाढवता येते.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात महाग पडली. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालतं. गटाचे बँकेचे व्यवहार ज्या मशीनवर करायचे, तेच असं उघडं! जुन्या मशीनवर लिनक्स टाकता येतं, मराठीही छान चालतं, पण आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर त्यावर बसेना.

म्हणून भाव वर्षांनी भागून बघा. सोळा हजारांचं मशीन दोन वर्षं टिकलं तर वर्षाला आठ हजार. तीस हजारांचं सहा वर्षं चाललं तर पाच हजार. मग स्वस्त कोणतं?

मात्र तीस हजार म्हणजे नेमके किती, तेही विचारा. "अधिक जीएसटी" असेल तर १८ टक्क्यांनी ते ३५,४०० होतात. मॉनिटर, कीबोर्ड, विंडोजचं लायसन्स त्यात आहे का? वीज जाते तेव्हा हिशेब वाचवायला छोटा यूपीएसही लागतो. प्रोसेसरचा पूर्ण नंबर बिलावर लिहून घ्या, नुसतं "आय-थ्री" नको. लिहायला दुकानदार कां-कूं करू लागला तर सरळ उठा.

आणि मशीन मूर्तींच्या कारखान्यात ठेवू नका. आमच्या पंख्यात पहिल्याच हंगामात मातीची एवढी धूळ बसली की तो घरघरायला लागला. आता कॉम्प्युटर आतल्या खोलीत आहे, आणि महिन्यातून एकदा त्याची झाडलोट ठरलेली.